गेनबाच्या चौदा होड्या

मंडळी, ऐका! एक विचारतो, खरं सांगा हं. माणसाला दुःख कशाचं — आपल्याला कमी मिळालं त्याचं, की शेजाऱ्याला जास्त मिळालं त्याचं? हसू नका! भीमेकाठच्या गेनबा नगऱ्याची गोष्ट ऐका, मग हसा.

गेनबा मासे धरणारा भोई, मोठी असामी! नऊ होड्या, सगळ्यांना इंजिनं. आणि त्याची चुलतभावजय पारूबाई — नवरा गेलेला, दोन होड्या, त्याही वल्ह्याच्या. पण सकाळी घाटावर माशांचा लिलाव लागला की गेनबाचा पहिला प्रश्न काय? "आपला भाव काय?" छे! "वहिनीचा काय निघाला?"

"किलोला एकशे साठ."

"आणि आपला?"

"एकशे वीस."

झालं! चहा कडू, भाकरी कडू! बायको सोनाई म्हणायची, "अहो, त्यांच्या जाळ्याची भोकं मोठी. पिल्लं सुटतात, मोठा मासाच येतो. आपणही तसंच जाळं घेऊ की!"

"तिची नक्कल करू? मी?"

मग काय केलं? सोनाईच्या पाटल्या विकल्या! आणखी पाच होड्या आणल्या, आणि जाळी कसली — मच्छरदाणी म्हणा! नदीत काही उरूच द्यायचं नाही, मग वहिनी काय विकते बघू!

घाटावर बोटाएवढ्या माशांचे ढीग लागले. व्यापारी म्हणाला, "गेनबा, हे कोण घेणार? पन्नास देतो." एवढा माल पाहून पारूबाईचाही भाव नव्वदवर आला. आणि मंडळी, त्या दिवशी गेनबा दोन भाकरी जास्त जेवला! स्वतःचे सत्तर गेले, त्याचं काही नाही — तिचे सत्तर गेले ना!

पुढच्या वर्षी जाळी रिकामी. दिवसभर इंजिन चालवावं, तर डिझेलचेही पैसे निघेनात. गडी ऊसतोडीला गेले. दहा होड्या मोडीच्या भावात गेल्या. पारूबाईचीही एक गेली.

एक दिवस ती त्याच्या दारात आली. गेनबाला वाटलं, आली हिणवायला!

"वहिनी, जिंकलीस. बोल काय बोलायचं ते."

ती बघतच राहिली. "जिंकले? कशात, भाऊजी?"

मंडळी, त्या माउलीला शर्यत लागलीय हेच ठाऊक नव्हतं! चौदा होड्या घेऊन हा एकटाच पळत होता!

ती म्हणाली, "मी विचारायला आले होते. मासा अंडी घालतो ते दोन महिने सगळ्यांनी जाळी बाहेर ठेवायची का? तुमचं लोक ऐकतात."

गेनबाला तोंड वर करवेना. उठला, कोयता घेतला आणि ती बारीक जाळी अंगणात स्वतःच्या हातानं फाडली. घरोघर फिरला, लोकांचे पाय धरले. तीन पावसाळे गेले, तेव्हा कुठं पाण्यात पुन्हा मोठा मासा उसळला. गेनबा चार होड्यांवर सुखानं जेवू लागला. अधूनमधून जीभ वळवळायची — "वहिनीचा काय नि..." — की सोनाई डोळे वटारायची!

हसलात? आता मला सांगा, मघाशी मांडवात शिरताना पुढच्या सतरंजीवर कोण बसलंय, कुणाच्या अंगावर नवी पैठणी आहे, हे किती जणांनी पाहिलं? सगळ्यांनी! आणि समोर हा कटेवर हात ठेवून उभा आहे — याच्याकडे किती जणांनी पाहिलं?

नाही ना पाहिलं? मग आता तरी बघा त्याच्याकडे. आणि म्हणा — विठ्ठल!