लेलेसर ‘बघू’ म्हणाले होते

नमस्कार मंडळी. बसा, काका, बसून घ्या, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत.

नारायण पेठेतले शेजारी पुढे बसलेत आणि आम्ही ऑफिसवाले मागे. लेलेसर असते तर म्हणाले असते, ‘बरं झालं, एकमेकांशी बोलायचा त्रास वाचला दोघांचा.’ बारा दिवस झाले त्यांना जाऊन. हे वाक्य मी घरी चार वेळा म्हणून बघितलं, तेव्हा जमलं होतं. आत्ता जमत नाहीये. जरा सांभाळून घ्या.

मी नितीन हरगुडे. खराडीचा. म्हणजे खराडीत नोकरीला येणारा नव्हे, मूळचा खराडीचा. आमचं ऑफिस ज्या इमारतीत आहे ना, तिच्या पार्किंगच्या जागी आमची ज्वारी असायची. लेलेसर आणि मी तिथं अकरा वर्षं शेजारी-शेजारी बसलो. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं हे आमचं काम. आम्ही बनवायचं आणि लेलेसरांनी त्यातल्या चुका काढायच्या. तपासणीचे प्रमुख होते ते.

सुनंदाकाकूंनी मला फोन केला. म्हणाल्या, ‘नितीन, तुम्ही बोला. ह्यांचे ऑफिसातले जवळचे तुम्हीच.’ काकू, मी हो म्हणालो खरा. पण तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही कुणाला उभं केलंय ते. आज मी त्यांचे गुण गायला उठलेलो नाही. मला एक सांगायचंय. मध्ये कुणी थांबवू नका, थांबलो तर परत सुरू करायची हिंमत माझ्यात नाही.

आधी लेलेसर कसे काम करायचे ते ऐका. सॉफ्टवेअर तपासायला खोटे पेशंट लागतात. बाकीचे लोक काय करतात? ‘टेस्ट एक’, ‘टेस्ट दोन’ असं टाइप करतात आणि मोकळे होतात. लेलेसर माणसं तयार करायचे! शांताबाई जाधव, वय बाहत्तर, हडपसर, साखरेचा त्रास. शांताबाई जाधव, वय सत्तर, सासवड, मांडीचं हाड मोडलेलं. मी विचारलं, ‘सर, एकाच नावाच्या दोन कशाला?’ तर म्हणाले, ‘अहो हरगुडे, पुणे जिल्ह्यात शांताबाई जाधव एकच आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही गावचे कसले?’

असे होते. मी त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, तरी शेवटपर्यंत मला अहो-जाहो. माझ्या तोंडात अजून घाईत ‘हाय’ येतं, ‘आहे’ येत नाही. ऑफिसात पोरं हसायची. लेलेसर एकदाही हसले नाहीत. त्यांचं हसू सगळं शब्दांत असायचं आणि ते लागायचं.

पहिल्या वर्षीची गोष्ट. मी त्यांना गावच्या जत्रेला बोलावलं. म्हटलं, ‘सर, उद्या जेवायलाच या, काकूंना घेऊन.’ ते म्हणाले, ‘बघू.’ मी आईला सांगितलं, येणार हायेत. आमच्याकडे माणूस ‘बघू’ म्हणाला की तो येतो, फार तर उशिरा येतो. आईनं पुरणपोळ्या केल्या. तीन वाजेपर्यंत ताटं वाढून बसली माउली, स्वतः जेवली नाही. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुगून बसलेलो. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. तर ते पांढरेफटक पडले हो! म्हणाले, ‘अहो, मी बघू म्हणालो होतो ना? बघू म्हणजे नाही. एवढ्या प्रेमानं बोलावलंत, तोंडावर नाही कसं म्हणायचं?’ त्याच संध्याकाळी ऑफिसातून तडक आमच्या घरी आले आणि आईपुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, ‘ताई, आमच्या पेठेत बघू म्हणजे नाही. चूक माझी. पुढच्या वर्षी मी येतो म्हणेन.’ आणि पुढच्या वर्षापासून दरवर्षी ‘येतो’ म्हणाले आणि दरवर्षी आले. आई शेवटच्या रांगेत बसलीय. तिला विचारा.

हे मी का सांगतोय? कारण ‘बघू’ म्हणजे काय हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. एवढं ध्यानात ठेवा.

आता गेल्या वर्षीचं. आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एका मोठ्या दवाखान्यात जायची होती. कुठल्या पेशंटला कुठलं औषध, किती द्यायचं, हे सिस्टरला पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. जायच्या आधी आमच्याकडे एक मीटिंग होते. प्रत्येकाला एकेक करून विचारतात, ‘गो की नो-गो?’ म्हणजे जाऊ द्यायचं की थांबवायचं. विचारतात म्हणायचं आपलं. थांबवा म्हणणारा माणूस कुणालाच नको असतो. खराडीत काचेच्या एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत तरी ‘नाही’ म्हणणाऱ्याला बढती मिळालेली मी बघितली नाही. तुम्ही बघितली असेल तर सांगा.

लेलेसर त्या आठवड्यात दोनदा ‘नाही’ म्हणाले होते. त्यांना एकदा, फक्त एकदा, हडपसरच्या शांताबाईंचं औषध सासवडच्या शांताबाईंच्या नावापुढे दिसलं होतं. परत करून बघितलं तर दिसेना. पुरावा नव्हता. आमचे प्रमुख, अरोरासाहेब, त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, ‘लेलेजी, आप बहुत निगेटिव हो.’ साहेब, तुम्ही आज आलात, तिसऱ्या खिडकीपाशी बसला आहात. मराठी तुम्हाला येत नाही, पण शेजारचे सांगतील. नीट सांगा रे त्यांना. मी सांगितलं तसं सांगू नका.

मीटिंगला खोलीत सहा जण होतो. मराठी समजणारे दोघंच, लेलेसर आणि मी. सगळे ‘गो, गो’ म्हणत गेले. साहेबांनी विचारलं, ‘लेलेजी, गो ऑर नो-गो?’ लेलेसरांनी चष्मा काढला. पुसला. आणि म्हणाले, ‘बघू.’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ‘क्या बोले?’

मी म्हणालो, ‘ओके बोल रहे हैं, सर.’

काकू, हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं म्हणालो. लेलेसर तेव्हा खाली वाकून लॅपटॉपची वायर काढत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. आणि मीटिंगचा वृत्तान्त लिहायचं काम माझं होतं. त्यात मी लिहिलं, ‘लेले – ओके.’

का म्हणालो? ही आवृत्ती वेळेत गेली की मला प्रोजेक्ट मॅनेजर करणार होते. आईला सांगूनही झालं होतं. तीस पोरांनी दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं काढलेली. आणि मला वाटलं, एकदाच तर दिसलंय, म्हाताऱ्याला चष्मा बदलायला झालाय. होय, असं वाटलं मला. लाज वाटते, पण असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. ‘गेलं?’ मी म्हटलं, ‘गेलं, सर.’ ‘कुणी ठरवलं?’ मी म्हटलं, ‘साहेबांनी.’ ते वळले. जागेवर जाऊन बसले आणि पुन्हा त्या दोन शांताबाई शोधायला लागले. चार दिवस शोधत होते. चौथ्या दिवशी दुपारी धावत माझ्याकडे आले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धावत आला! ‘सापडलं, हरगुडे! सिस्टरनं एकीचं पान उघडं ठेवून दुसरीचं उघडलं की होतं. थांबवा, आत्ताच्या आत्ता थांबवा!’ मी फोन उचलला, तर दवाखान्याचाच फोन येत होता.

तिथल्या एका खऱ्या पेशंटला, एका बाईंना, दुसरीचं औषध दिलं गेलं होतं; त्या वाचल्या. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होत्या, पण वाचल्या. दुसऱ्या एका सिस्टरच्या वेळेत लक्षात आलं म्हणून वाचल्या. त्यात आमची हुशारी काही नव्हती.

मग चौकशी. कमिटी. लेलेसरांच्या पुढे कागद ठेवला, ‘लेले – ओके.’ तो कागद त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितला. दोनदा वाचला. कमिटीनं विचारलं, ‘तुम्ही परवानगी दिली होती?’ ते म्हणाले, ‘मी बघू म्हणालो होतो.’ ‘म्हणजे?’ ‘म्हणजे नाही.’ तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हसला. मग मला विचारलं, ‘मिस्टर हरगुडे, तुम्ही मराठी आहात. बघू म्हणजे काय?’

सर माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. एखादा माणूस साक्षीदारावर भरवसा ठेवून बघतो ना, तसं. आणि मी सांगितलं, ‘सर, आमच्या खराडीत बघू म्हणजे हो.’

खोटं नव्हतंच हो ते! आमच्याकडे तसंच हाय. त्याच्याच आड लपलो मी. गावाच्या, आईच्या भाषेच्या आड लपलो.

ते तेव्हा जत्रेची गोष्ट सांगू शकले असते. ‘याला मी स्वतः शिकवलंय, याच्या आईसमोर हात जोडलेत,’ एवढं एक वाक्य. ते बोलले नाहीत. नंतर लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. सात मजले. तळमजला आला तेव्हा म्हणाले, ‘हरगुडे, तुमच्या गावाचं भाषावैभव आज कळलं.’ आणि गेले. माझ्याशी बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य ते.

त्यांना घरी बसायला सांगितलं. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. काकू, तुम्ही मला सांगितलंत, ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन खुर्चीत बसायचे, फोन येईल म्हणून. त्याच खुर्चीत गेले. डॉक्टर म्हणतात हृदय आधीपासून दुबळं होतं. असेल. मी डॉक्टरांशी वाद घालणार नाही. पण मला झोप लागत नाही.

आणि मला रागही येतो! तुमच्यावर, सर! एकदा, फक्त एकदा नीट मोठ्यांदा ‘नाही’ म्हणायचं होतंत! त्या साहेबाच्या तोंडावर म्हणायचं होतंत. कसली ही सभ्यता? पण मग आठवतं की दोनदा म्हणाले होते. दोनदा म्हणाले आणि सगळे त्यांच्यावर हसले, त्यात मीही हसलो होतो.

मागच्या आठवड्यात मी हे सगळं आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणाली, ‘आरं, पर त्येंचं बघू म्हंजे न्हाई व्हतं की. मला हात जोडून सांगून गेलं व्हतं ते. तुला ठावं न्हवतं व्हय?’ मग ती म्हणाली, ‘मला घिऊन चल तिथं. तू न्हाई बोललास तर म्या बोलंन.’ म्हणून ती आलीय. आयुष्यात पहिल्यांदा नारायण पेठेत आलीय.

मंडळी, चौकशीच्या अहवालावर परवा सह्या होणार. त्यात लिहिलंय, जबाबदारी कैलासवासी मुकुंद लेले यांची. एकदा सही झाली की ते तसंच राहणार. पुढे कुणीही विचारलं, त्या बाईंचा जीव कुणामुळे धोक्यात आला, तर उत्तर येणार, लेल्यांमुळे. ज्या एकट्या माणसानं ती चूक पकडली होती त्याच्यामुळे.

हा माझा फोन. यात कमिटीला लिहिलेलं पत्र आहे. चारच ओळी. ‘त्या दिवशीच्या वृत्तान्तात चूक आहे. ती मी जाणूनबुजून केली. “लेले – ओके” खोडून तिथे “लेले – नाही” असं लिहावं. नितीन हरगुडे.’ तीन दिवस हे लिहून ठेवलंय आणि तीन दिवस स्वतःलाच म्हणतोय, ‘बघू.’

पाठवतोय. तुमच्या सगळ्यांसमोर पाठवतोय.

गेलं.

साहेब, सोमवारी मी ऑफिसला येईन, तुम्ही काय करायचं ते करा. आई, झालं बघ.

काकू, माफी इथं, माइकवर मागणार नाही. तुम्हाला सगळ्यांसमोर पेचात टाकणार नाही. दाराशी येऊन मागेन. पण येऊ का, एवढं आत्ता विचारतो. तुम्ही ‘या’ म्हणालात तर येईन. तुम्ही ‘बघू’ म्हणालात, तर त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागणार नाही.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका.

लेलेसर, नमस्कार करतो.