कॉलिनचा गुरुवार

—नाही, केरिनबाई, फोन नाही मिळायचा. फोनांच्या पेटीची किल्ली माझ्याकडेच आहे, पण नियम म्हणजे नियम. सात दिवस, आज पाचवा. पाचव्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं — छातीत धडधड, घरी काहीतरी झालंय असं वाटणं. बसा. मासे गरम आहेत, दोन घास खाऊन घ्या. नको? बरं.

ब्रिस्बेनला माझं भाषण ऐकूनच आलात ना तुम्ही? सगळे तसेच येतात. मी, लोसालिन फोनुआ, विषय 'इंटरनेट आणि सुख'! आधी ऑकलंडमध्ये लोकांना फोनला चिकटवणारी ॲप मीच बनवत होते — हो, मीच, कंपनीच होती माझी — मग वाटलं, आता सोडवणारं काहीतरी करावं. म्हणून टोंगातलं, वावाऊमधलं हे बेट, आजोबांची जमीन, आणि इथे हे बिनफोनचं शिबिर. रोज संध्याकाळी मी विचारते, दहापैकी किती सुखी? तुम्ही पहिल्या दिवशी चार म्हणालात, काल आठ. हेच आकडे मी भाषणात दाखवते. खोटे नाहीत हो. एकही खोटा नाही.

तो नऊ आठवतो? पडद्यावर मोठा करून दाखवते तो? जिलाँगचा कॉलिन, सुतार माणूस. गुरुवारी नऊ म्हणाला. दिवसभर पोहला, संध्याकाळी चर्चच्या गायकांत घुसून असा काही बेसूर गायला की बायका पोट धरून हसल्या, आणि तोही. भाषणात इथवर आले की लोक टाळ्या वाजवतात. पुढचं मी सांगत नाही. कशाला सांगू? — मंगळवारी त्याच्या बहिणीचा निरोप आला होता. माझ्या फोनवर. बाप दवाखान्यात आहे, सारखं कॉलिनचं नाव घेतोय. मी म्हटलं, हा बिचारा आत्ता कुठे हसायला लागलाय, राहू दे दोन दिवस. असं स्वतःला सांगितलं हो. खरं काय? मला आकडा हवा होता. बाप गेला गुरुवारी. तो गात होता तेव्हाच. शुक्रवारी सांगितलं मी. तो नुसता बॅग भरत राहिला. महिन्याने एक ओळ आली — 'त्या गुरुवारइतका सुखी मी कधीच नव्हतो, त्याचीच मला किळस येते.'

तेव्हापासून ठरवलंय, निरोप आला की लगेच सांगायचा. लगेच! आणि सगळेच निरोप काही तसे नसतात, म्हातारी माणसं पडायचीच एखाद्या वेळी न्हाणीघरात, म्हणून काही लगेच—

काय? कोण पडलं म्हणाले मी?

असं नका बघू माझ्याकडे. बसा. बरं, नका बसू. तुमच्या भावाचा फोन होता. आई पडली. शुद्धीवर आहे — म्हणजे सकाळी होती. न्याहारीच्या वेळी. हो, सकाळी! दुपारपर्यंत थांबू म्हटलं, मग म्हटलं जेवण होऊ दे, पुढच्या आठवड्यात सिडनीला भाषण आहे, आणि तुम्ही काल आठ म्हणाला होतात, इतक्या हसत होतात—

हा घे. घे फोन, पोरी. इथे लागणार नाही, धक्क्यावर जा, तिथे लागतो. मला माहीत आहे, मी रोज तिथेच जाऊन बसते. आमचा नावाडी फिनेआसी होडी घेऊन उभा आहे, मीच बोलावलंय त्याला तासाभरापूर्वी. हो, तासाभरापूर्वी, आणि तरी बोलले नाही. सामान राहू दे, मागून पाठवते. मोठ्या बेटावरच्या नेयाफूहून संध्याकाळचं विमान मिळेल.

आता माझ्याशी भांडत बसू नकोस. जा. जा म्हणते ना!