गाळणीवरचा काळा थर

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे साहेब, वहिनी, आणि प्रयोगशाळेतल्या व कारखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. पाच लागतील, सांभाळून घ्या.

साहेबांनी घडवलेल्या रेणूचं कौतुक मघापासून चाललंय. वहिनींसाठी सोपं करून सांगते. कार्बन मोनॉक्साइड जोडून आम्ही जे रसायन बनवतो, त्याची अभिक्रिया वेगानं घडवायला पॅलेडियम नावाच्या धातूचं द्रावण लागतं. तो धातू विरघळलेला राहावा म्हणून त्याला दोन हातांनी धरून ठेवणारा रेणू लागतो. साहेबांनी ते दोन हात थोडे फाकवले आणि वेग तिप्पट झाला! मी स्वतः मोजलाय. अशा बुद्धीला सलाम करावा तेवढा थोडाच.

पकड मात्र सैल झाली. सुटलेला धातू गाळणीवर काळा थर होऊन बसू लागला. तो पहिल्यांदा पाहिला आमच्या दादानं. तुमचा ऑपरेटर, माझा सख्खा भाऊ. "साहेब, गाळणी काळी पडतेय," असं तो चारदा म्हणाला. साहेब म्हणाले, "अरे, जरा जोर लावून घास की!" सगळे हसले. मीही हसले.

मग मी तो थर तपासला. धातूच होता. साहेब म्हणाले, "बाई, नव्या प्रक्रियेची परवानगी तोंडावर आलीय. आत्ता नगण्य लिहा." मी लिहिलं. धातू सुटतच नाही म्हटल्यावर सूचनाही बदलली : गाळणी ओली ठेवायची गरज नाही, हवा सोडून कोरडी करा. हा काळा चुरा गाळणीत उरलेल्या मिथेनॉलच्या वाफेत कोरडा झाला की पेट घेतो, हे इथे बसलेल्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं? दादाला नव्हतं. त्यानं सूचना वाचली आणि तंतोतंत पाळली. भाजल्यावर नऊ दिवस जगला.

चौकशीत साहेबांनी लिहून दिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. आई ते पत्र अजून उशाशी ठेवते. "असं काय केलं गं त्यानं?" असं मला विचारते. सहा वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. नोकरी जाईल ही भीती होती, खोटं कशाला बोलू?

हो अध्यक्षमहोदय, घंटा ऐकली. आवरतेच.

मूळ मोजमापं आणि माझा जबाब काल मी चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिला. साहेब, उद्यापासून तुम्हाला सवडच सवड आहे. एकदा घरी या. आईला तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. माझं चुकलं, ते मी सहीनिशी लिहून दिलंय. दादाचं काहीही चुकलं नव्हतं.