आरशासारखा पंखा

पार्सलच्या रांगेत पुढे उभ्या भावाबहिणीचं बोलणं शिक्षिकाबाईंच्या कानावर पडत होतं.

“दादा, बोटीचा पंखा एवढा चकाकतोय कसा?”

“रात्रंदिवस घासलाय! शर्यतीला पाठवायचा तर आरशासारखा नको?”

“पात्यांच्या कडेला हातोडीनं बारीक वळण दिलेलं होतं. त्या वळणानंच तो पाणी पकडायचा. तेच घासून टाकलंस.”

“अरे देवा! रविवारी माझं हसं होणार.”

“काही होत नाही. परत वर्कशॉपमध्ये चल. संध्याकाळपर्यंत वळण देते.”

“बाबांच्या हातचं वळण तुला जमेल?”

“त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून, चार वर्षं, हातोडी माझ्याच हातात होती.”

“म्हणजे शर्यतीतले माझे तिन्ही कप…”

“रांग सोड दादा. बाईंना पुढे जाऊ दे.”