पहिला घास

परवा राजारामपुरीत स्कूटरचं पंक्चर काढून घेत होतो, तेवढ्यात नेसरीजवळच्या शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. "सर, जिंकलो की! सुनंदाबाईंना परत घ्या म्हणून आदेश आलाय. उद्याची खिचडी त्याच करत्यात!"

स्कूटर तिथंच टाकून नाचावंसं वाटलं बघा! सुनंदा बौद्ध, म्हणून गावातल्या काहींनी तिला शाळेच्या स्वयंपाकावरून काढायला लावलं होतं. त्याविरुद्ध तक्रार केली माझ्या बायकोनं, मालतीनं. ती त्याच शाळेत शिकवायची.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजर. दारात आबा उभे. विरोधात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. पोरं ताटं घेऊन बसलेली. पण मोठ्या माणसानं चव घेतल्याशिवाय पोरांना वाढायचं नाही, असा नियम. हेडमास्तरांनी चमचा थेट आबांपुढं धरला. "आज पालकांची पाळी हाय."

आबा हलेनात. तेवढ्यात पंगतीतून त्यांची नात ओरडली, "आबा, खावा की लवकर! भूक लागलीया!"

सगळी शाळा बघत होती. आबांनी घास घेतला, सावकाश चावला. "मीठ कमी हाय."

"मग उद्याबी या की सांगायला," सुनंदा म्हणाली.

आबांनी नातीचं ताट उचलून सुनंदापुढं धरलं, आणि पोरांनी जो गलका केला म्हणता!

"सुनंदा परत आली की पहिला घास माझा," मालती दवाखान्यातही म्हणायची. दिवाळीआधी ती गेली. तो घास तिचा राहून गेला.