बुधवारचा उपास

हर्षल : सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा. आज बुधवार, आई. बुधवारी कुणाचा उपास?

सिंधुबाई : मनातला हाय. त्याला वार लागत नाय.

हर्षल : अमा घरात आल्यापासून धरलेत. तिच्या हातचं खायचं नाही, हेच ना? लग्नाला नाही म्हण सरळ, पण साबुदाण्यामागं लपू नकोस.

सिंधुबाई : आफ्रिकेत, घानाला बोअर मारायला गेलता तू. लोकांना पाणी लागतं, तुला बायको लागली. घोटीच्या भाऊबंदांना काय सांगू मी?

अमा : आई, उपासाचं केलंय. बघता?

सिंधुबाई : ही तर मराठीत बोलती! हर्षलनं शिकवलं व्हय? आणि हे काय, रताळं?

अमा : कसावा. आमच्याकडचा कंद. सिडकोत केरळी दुकानात मिळाला. केरळी लोक मासळीबरोबर खातात, आम्ही कुटून खातो. मी आज उकडला. जिरं, मिरची, शेंगदाणे, तूप.

सिंधुबाई : हळद?

अमा : नाही. मोहरी नाही, कांदा नाही. मीठ सैंधव. खालच्या प्रतिभाताईंना विचारलं.

सिंधुबाई : विचारलंस खरं, बाई. पर ह्यो परका कंद. उपासाला नाय चालायचा.

हर्षल : परवापासून तोच खातेयस. हा किसतात, पिळतात, खाली पीठ बसतं, त्याचे दाणे करतात. तोच साबुदाणा.

सिंधुबाई : हट्!

हर्षल : खरंच, आई.



सिंधुबाई : मी पेरला होता साबुदाणा.

अमा : पेरला?

सिंधुबाई : नवी नवरी होते. असा मोत्यावानी दाणा, त्याचं झाड कसं असंल? भाताच्या बांधाला मूठभर टोचला. रोज तांब्याभर पाणी घालायचे. सासू बघायची, बोलली नाय कधी. झाड सपनात यायचं माझ्या. पांढरे घोस, वारं आलं की किणकिणायचे.

हर्षल : कधी सांगितलं नाहीस.

सिंधुबाई : हसला असतास.

अमा : झाड आहे, आई. आजीच्या अंगणाभोवती. माझ्यापेक्षा उंच. पान म्हणजे हाताचा पंजा. वारा आला की सगळे हात हलतात. पण कंद वर नसतो. खाली, मातीत.

सिंधुबाई : आणि मी येडी आभाळाकडं बघत बसले.

अमा : आजी किसते, गोणीत भरते, वर दगड ठेवते. पाणी गळून जातं. मग कढईत भाजते. त्याला गारी म्हणतो. ह्या वाटीत आजीची गारी. दूध, साखर, शेंगदाणे.

सिंधुबाई : बघू... जराशी आंबूस हाय. पर खीरच की गं ही.

हर्षल : खाल्लीस?

सिंधुबाई : उपासाचंच हाय. दात काढू नको.

हर्षल : आणि लग्नाचं?

सिंधुबाई : तू गप. अमा, इकडं बस. उद्या उपास सोडायचाय मला. काय करशील?