खंडेनवमीला न थांबलेली पेटी

ऑक्टोबर १९६७

नाव रंभाबाई झुंबर खरात, वय अंदाजे ३५, धंदा बर्फाच्या कारखान्यात मजुरी, मूळ गाव पाथर्डीकडचे, हल्ली राहणार उमरोळी, तालुका पालघर, जिल्हा ठाणे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्याबरोबर मजुरी करणाऱ्या, सध्या कोठडीत ठेवलेल्या भिकाने कारखान्याच्या यंत्राचा पट्टा तोडला हे खरे आहे. का तोडला, ते कारखान्याचे मालक शेठजी यांनी फिर्यादीत सांगितलेले नाही, म्हणून मी आपणहून आले आहे.

कारखान्याचे यंत्र एक पेटी चालवते. ती अनुभवाने शिकते. बर्फ वितळू द्यायचा नाही, एवढेच काम इंजिनियर साहेबांनी तिला दिले होते. वीज गेली की ती आपणच डिझेल इंजिन सुरू करी. आम्हाला तिचे फार कौतुक होते.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांना, यंत्रांना विश्रांती देऊन त्यांची पूजा करतो. भिकाने बंद करायचा दांडा ओढून यंत्र थांबवले व शेजारी आपला कोयता मांडला. मी चाकाला हळदकुंकू लावायला वाकले, इतक्यात पेटीने इंजिन सुरू केले. माझा पदर चाक फिरवणाऱ्या पट्ट्यात गेला, मान ओढली गेली. भिकाने दांडा पुन्हा पुन्हा ओढला, पेटी ऐकेना. "बाय, हालू नको!" असे ओरडून त्याने पूजेतला कोयता उचलला व पट्टा तोडला. शेठजी नुकसान सांगतात. नवा पट्टा मिळतो. माझी मान कुठून आणली असती, ते त्यांनी सांगावे.

इंजिनियर साहेब मुंबईहून आले तेव्हा मी रागानेच विचारले, "ह्या पेटीला जिवाची एवढी भीती कशापायी?"

साहेब म्हणाले, "भीती नाही, रंभाबाई. बंद पडलो तर बर्फ राखता येत नाही, एवढं ती शिकली. सांगितल्यावर थांबणं हेही तिचं काम, हे मी शिकवलंच नाही. चूक माझी."

त्यांनी तिला ते शिकवले. शिवाय दांड्याची जोडणी अशी बदलली की तिथे पेटीचे काही चालत नाही. आज सकाळी मी स्वतः दांडा ओढला. बर्फाचे पाणी ठिबकू लागले तरी पेटी गप्प राहिली. दांडा वर केल्यावर लगेच कामाला लागली, रुसली नाही. मला फार बरे वाटले. आता रोज काम सुरू होण्याआधी दांडा ओढून पाहणे माझ्याकडे दिले आहे.

भिकाला सोडावे. जप्त केलेला कोयताही द्यावा, त्याला हळदकुंकू लावायचे राहिले आहे.

मला वाचता येत नाही. हवालदारांनी जबाब वाचून दाखवला. त्यांनी आपल्या मनाने 'दुष्ट पेटी' असे लिहिले होते, त्यातला 'दुष्ट' मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

रंभाबाईचा डावा अंगठा